पुट ऑफची शेपटी

अण्णा,

आज ऑफिसात सोमवारची मीटिंग पुढे ढकलायची होती आणि तसा मेल मला लिहायचा होता. मी नेहमीसारखं 'पोस्टपोन' लिहिलं. शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढं जड कशाला, पुट ऑफ लिहा ना." मी म्हटलं, मला तो शब्द आवडत नाही. ती हसली. शब्द न आवडायला तो काय भाजी आहे? पण खरंच, इंग्रजी मेल लिहूनच मी पोट भरते आणि तरी हे दोन शब्द माझ्या हातून कधी उतरत नाहीत. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचं कारण तुम्हाला सांगायचं राहिलं, ते राहिलंच.

दिघ्याच्या खोलीत तुम्ही पहिल्या पाळीहून चारच्या सुमाराला यायचात. शर्टाच्या आत, पोटाशी, आदल्या दिवसाचा इंग्रजी पेपर. कंपनीतली रिसेप्शनवरची बाई तो रद्दीत न टाकता तुमच्यासाठी बाजूला ठेवायची. तुम्ही हातपाय धुता, तरी ॲसिडच्या ड्रमांचा वास अंगावरून जात नाही, मग पेन्सिल घेऊन उंबऱ्यावर बसता, कारण खोलीत उजेड कमी. सातवी शिकलेला माणूस, पण मोठ्या शब्दांना तुम्ही कधी घाबरला नाहीत. "मोठा शब्द साधा असतो, एकच अर्थ सांगतो," असं तुमचं मत. "हे बारके लबाड. अप, ऑफ, आउट. गिव्ह म्हंजे देनं, आन् गिव्ह अप म्हंजे हातपाय गाळनं. शेपटी लागली की बिचाऱ्याचा स्वभावच बदलतो बघ." एकदा पेपरात आलं होतं की कुठल्याशा महापालिकेने झोपड्यांकडे 'ब्लाइंड आय', म्हणजे आंधळा डोळा वळवला. मी अर्थ सांगितला, दुर्लक्ष करणे. तुम्ही ती ओळ पुन्हा वाचलीत आणि म्हणालात, "म्हंजे तिला डोळे दोन, त्यातला एक आंधळा, आन् आपल्या गल्लीकडं नेमका तोच." आई चुलीपाशी इतकी हसली की तिची भाकरी करपली.

शब्द वहीत उतरवायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं. मी ऐरोलीच्या इंग्रजी शाळेत आठवीत होते, घराण्यातली पहिली, आणि तुम्ही नळावर, वाण्याकडे, जिथे उभे राहाल तिथे सांगायचात, "आमच्या घरात चालतीबोलती डिक्शनरी हाय." मला त्याची लाज वाटायची. तुमच्या उच्चारांचीही वाटायची, हेही आज लिहून टाकते. एके दिवशी मैत्रीण दारात उभी होती, मी घाईने वेणी घालत होते आणि तुम्ही बातमीवर बोट ठेवून विचारलंत, "ही ऑफवाली शेपटी काय म्हनते गं? स्ट्राइक पुट ऑफ." मी मान न वळवता म्हटलं, "बंद करणे. पुट ऑफ द फॅन. सोपंय, अण्णा." आमच्या बाई वर्गातून निघताना रोज तेच म्हणायच्या. संप बंद झाला, अर्थ बसला, तुमचं समाधान झालं. पण वहीत आल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नव्हता. मी उभ्या उभ्या लिहिलं, पुट ऑफ, बंद करणे, आणि मैत्रिणीबरोबर पळाले.

त्याच वर्षी कंपनीत स्टोअरमध्ये एक जागा निघाली. आतल्याच माणसांतून घेणार होते, थोडंफार इंग्रजी वाचता आलं पाहिजे एवढीच अट. ती जागा तुम्हाला का हवी होती ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तुमचा खोकला तेव्हाच छातीत खोल बसला होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ड्रम धुण्याच्या कामातून बाहेर पडा. शुक्रवारी इंटरव्ह्यू. आईने शर्टाला इस्त्री करून आणली. तुम्ही गेलात तर बोर्डावर नोटीस: इंटरव्ह्यूज पुट ऑफ. खाली सही, शिक्का. चारपाच जण घुटमळत होते, त्यांना तुम्ही ती वाचून दाखवलीत, अर्थही सांगितलात, आणि घरी आलात. "बंद केलं त्यांनी," म्हणालात. आईने विचारलं, आत जाऊन विचारलं का. तुम्ही जरा दुखावल्यासारखे म्हणालात, "इचारायचं कशाला? वाचता येतंय की मला."

पॅकिंगमधल्या एकाला इंग्रजी जेमतेमच वाचता यायचं. त्याचा कुणाच्या वाचण्यावर विश्वासही नसावा. तो आत गेला, त्याने विचारलं, आणि त्याला सांगितलं, सोमवारी अकराला या. सोमवारी तो गेला. मंगळवारी तुम्हाला कळलं की स्टोअरची चावी त्याच्याकडे आहे.

मंगळवारी चार वाजता तुम्ही आलात तेव्हा मी उंबऱ्यावरच होते. आता विचारतील, असं वाटत होतं. तुम्ही पेपर काढलात, चाळलात आणि आईला म्हणालात, "नोटीस लिहिनाऱ्या साहेबालाच इंग्रजी येत नसंल. पुट ऑफ लिहून ठेवलं येड्यानं. लिहायचं एक, करायचं एक." मग माझ्याकडे बघितलंत. "काय गं?" मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर सात वर्षं तुम्ही ड्रम धुतलेत. त्यापुढची, शेवटची दोन घरात बसून गेली, उशीला टेकून, आणि तेव्हाही पेपर हवाच होता, फक्त वाचताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागायचा. त्या नोकरीने तुम्ही जगला असता का, मला माहीत नाही. डॉक्टरांना मी विचारलं नाही. आई आता माझ्याकडे खांदेश्वरला असते. घरी कुणी आलं की अजून सांगते, "साहेबाला इंग्रजी यायचं नाही, म्हनून आमच्या मानसाची जागा गेली." पाहुणे हसतात, मी चहा आणायला आत जाते. वही तिच्या कपाटात आहे. त्यात माझ्या गोल अक्षरात तो अर्थ तसाच आहे, तुम्ही त्यावर कधी काट मारली नाहीत. मीही मारत नाही. आता कुणासाठी मारायची?

हे पत्र त्या वहीत ठेवावं असं आधी मनात होतं, पण आई ती वही उघडते आणि मराठी तिला वाचता येतं. तेव्हा हे फाडायचंच आहे. म्हणून उरलेलंही लिहिते. शुक्रवारी तुम्ही "बंद केलं" म्हणालात तेव्हाच मला खटकलं होतं, इंटरव्ह्यू पंख्यासारखा कसा बंद करतात म्हणून. शनिवारी मी शाळेच्या लायब्ररीत जाडी डिक्शनरी काढून बघितली. पुढे ढकलणे. परतले तेव्हा तुम्ही नळावर कुणाला तरी चालत्याबोलत्या डिक्शनरीचं सांगत होतात. मी बाजूने घरात गेले. रविवारचा अख्खा दिवस आपण तिघं त्या एका खोलीत होतो. सोमवारी सकाळी तुम्ही डबा घेऊन ड्रमांकडे निघालात तेव्हा मी जागी होते, अण्णा. डोळे मिटून पडले होते.