तीन वाक्यांचा संपर्क

५ मे, सकाळ
आजपासून चिडणं बंद. फक्त मोजायचं. कोण रोज किती जणांना भेटतं हे कळलं, की साथीतली कुठली बंधनं आधी उठवायची ते आमचं मॉडेल सांगणार. सर्वेक्षणाचा प्रमुख मी, व्याख्या माझी: समोरासमोर तीन वाक्यं झाली की एक संपर्क. पहिलं दार वृद्धाश्रमाचं उघडायचं. आई तिथे आहे. नियमही मीच सुचवला: ज्याचे रोजचे संपर्क पाचाच्या आत, त्यालाच भेट. ताई म्हणाली, अरे, आधी स्वतःचं बघ. हसलो.

६ मे
लोक खोटारडे! तळमजल्यावरच्या शिंप्याने आजही संपर्क 'दोन' लिहिले. दुकान चालू आणि दोन? आजही खाली जाऊन झापलं. म्हणे, गिऱ्हाईक कपडे दारात टांगून जातं, साहेब, बोलतंय कोण? पळवाट!
माझा संपर्क: बायको. एक.

७ मे
जिन्यात दोघी कुजबुजत होत्या. साथीचा अर्थ समजावला. आवाज ऐकून आणखी सात-आठ जण जमले. त्यांनाही सोडलं नाही. अशांमुळेच देश बुडतात!
संपर्क: एक. झापणं हा संपर्क नव्हे, कर्तव्य आहे.

९ मे
मॉडेल मंजूर! सोमवारपासून भेटी. आईला फोन केला, पहिला मीच येणार. ती म्हणाली, ये रे, पण तुझा घसा का बसलाय?

१० मे, संध्याकाळ
कट आहे हा! ऑफिसातली पोरगी फोनवर म्हणते, सर, तुमच्या इमारतीत प्रत्येकाने एक माणूस लिहिलाय: 'वरचा ओरडणारा'. शिंप्याचे दोन म्हणजे त्याची बायको आणि मी. तिला म्हटलं, काढून टाक. म्हणाली, सर, व्याख्या तुमचीच आहे, पाचाचा नियमही. बायको हसत होती. तिच्याशी अबोला. तेवढाच एक संपर्क कमी.

११ मे
ताई आत, मी फाटकाबाहेर. आई खिडकीत आली, मला बघून ओठांवर बोट ठेवलं. खरंच गप्प राहणार होतो. पण रखवालदार म्हणाला, कुणा दीडशहाण्याने नियम केलाय साहेब, नाहीतर सोडलं असतं.
दीडशहाणा? नियम कसा अचूक आहे, हे त्याला मुळापासून समजावलं. त्याला पटलंसुद्धा.
तोवर भेटीची वेळ संपली होती. खिडकीत कुणी नव्हतं.
आजचे संपर्क: रखवालदार. एक.