गुडघ्यावरचे भोक आणि मनगटापर्यंतचे खिसे

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल, अशी आशा करते. (आईच्या मते ते दुखणे कमी आणि सबब अधिक आहे. हे वाक्य वाचून झाल्यावर कृपया खोडावे.)

तू दिलेल्या जीन्सला उजव्या गुडघ्यावर भोक पडले, हे तुला कळवायला मी आठ दिवस धजले नाही. कारण अगदी सात्त्विक आहे. ग्रंथालयात माझ्याकडे सर्वांत खालच्या कप्प्यातील पुस्तके लावण्याचे काम आहे आणि तो कप्पा गुडघे टेकल्याखेरीज दिसत नाही. येत्या शनिवारी तेथेच मला चाळीस माणसांसमोर निबंध वाचायचा आहे. माझे हात किती थरथरतात, हे तू जाणतेस. ते मनगटापर्यंत लपतील असे खिसे माझ्या कपाटात केवळ याच जीन्सला आहेत.

तेव्हा मी शिवणकामावरील एक जाड ग्रंथ आणला, टिपणे काढली, आकृती वहीत उतरवली आणि तीन तास बसून ठिगळ असे पक्के लावले की जीन्स फाटेल, पण टाका तुटणार नाही. घालून पाहू गेले, तर पाय गुडघ्याशीच अडला. मी पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून टाकली होती! एका पायावर उड्या मारत मी कपाटावर आदळले. आई दारातून म्हणाली, "आता पाय कुठून काढायचा, तेही बघ की पुस्तकात!" (पाहिले. दिलेले नाही.)

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रफूवाल्या काकांकडे गेले. त्यांनी जीन्स उलटसुलट करून पाहिली. "टाके कुणाचे?" मी कसेबसे म्हणाले, "माझे." "चांगले आहेत गं. जागा तेवढी चुकली." मावशी, गुणपत्रिकेवरील कोणत्याही शेऱ्याने मी इतकी सुखावले नव्हते. मग त्यांनी माझा एकेक टाका उसवला, जीन्सच्याच आतल्या शिवणीतून दोरे ओढून काढले (बाहेरचा दोरा म्हणे पाहुण्यासारखा वेगळा उठून दिसतो) आणि उभे-आडवे विणत भोकाच्या जागी चक्क नवे कापड घडवले. ना आकृती, ना टिपणे. बोटे जणू आठवून आठवून चालत होती. सुरुवातीला मात्र त्यांनी विचारले, "पिशवीत काही जाड आहे का? पायात सरकवतो, म्हणजे सुई मागं जात नाही." मी तोच ग्रंथ दिला. अखेर तो कामी आला.

भोक कुठे होते, हे आता माझे मलाच सापडत नाही.

तुझी आज्ञाधारक भाची

ता. क. : पाय अडला त्याच संध्याकाळी 'निबंध वाचू शकणार नाही' अशी चिठ्ठी मी ग्रंथपालांसाठी लिहून ठेवली होती. काकांकडून परतल्यावर ती फाडली. (तिला रफू करायचा नाही.)

ता. क. २ : निबंध नऊ पानांचा आहे. दोन्ही हात खिशात ठेवून पाने उलटता येत नाहीत, हे काल आरशासमोर ध्यानात आले. शनिवारी माझ्या शेजारी उभी राहून तेवढी पाने उलटशील का? कंबर खरोखरच दुखत असेल, तर खुर्ची मांडून ठेवते.