तीस कोबी आणि आमेन

२२ एप्रिल, मंगळवार

माझं नाव लावलंय! चर्चच्या फळ्यावर, ठळक अक्षरात! "११ मे, आईवडिलांचा रविवार. मंडळीच्या वतीने प्रार्थना: सेविका मिर्योंग." एक्केचाळीस माणसांच्या मंडळीत दुसरं कोणी सापडलं नाही? तीन-तीन लेकरांच्या आया आहेत, पाच नातवंडांचे आजोबा आहेत, आणि त्या दिवशी उभी कोण राहणार, तर मी! पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "पाळीच तुमची आली, सेविकाबाई." हो ना. माझी पाळी नको तेव्हाच येते.

ताएगोनला सांगितलं. तो मुळ्याच्या फोडी करत होता, मान वरसुद्धा केली नाही. "लिहून ने आणि वाच. पहाटे रोज जातेसच की देवाशी बोलायला."

रोज जाते, खरंय. पण नवऱ्याला जे माहीत नाही ते इथे लिहिते, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी खरं असेल. तीन वर्षं झाली, मला प्रार्थना येत नाही. एक शब्द नाही. मूल व्हावं म्हणून पाच वेळा दवाखान्यात जाऊन आलो, पाचव्या वेळी नऊ आठवडे राहिलं आणि गेलं, त्यानंतर हे असं. राग नाही, रडू नाही. विहिरीत बादली सोडावी आणि तळाशी नुसता खण् आवाज यावा, तसं. आणि ही बाई आता सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करणार! देवा — बघ, इथेही पुढे काही सुचत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

पहाटे पाचला गेले. वचन वाचून झालं, दिवे मालवले. पाळकसाहेब ओरडले, "प्रभो! प्रभो! प्रभो!" — आणि सुरू झाला कल्ला. प्रत्येकाची प्रार्थना वेगळी, आवाज टिपेचा, कोणाचं कोणाला कळत नाही. या कल्ल्यावरच मी तीन वर्षं काढली. तोंड मिटून बसलं तर लगेच दिसतं ना! म्हणून मी आपली किमचीची, आंबवलेल्या कोबीची, कृतीच म्हणते. "तीस कोबी, प्रत्येकाचे दोन भाग. जाडं मीठ. चार तासांनी उलटायचे. तिखट, लसूण, आलं, कोळंबीचं खारवण…" घडाघडा, डोळे मिटून, छातीवर हात मारत. आमच्या तयार पदार्थांच्या दुकानात दर आठवड्याला करते, त्यामुळे अडखळत नाही. परवा पाळकीणबाई म्हणाल्या, "तुमची तळमळ बघून मला लाज वाटते हो." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरं, शेजारी मालसुन आजी असते. चौऱ्याऐंशी वर्षांची, ठार बहिरी. सहावी मुलगी झाली तेव्हा तिच्या बापाने वैतागून नावातच 'शेवटची' घालून ठेवलं. मग सातवी झाली! आजी हे अजून सांगते आणि स्वतःच हसते. तिच्या शेजारी कोबी सुरक्षित आहेत.

२५ एप्रिल, शुक्रवार

आजचं वचन फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचं. पाळकसाहेब जोरात होते. "ज्या जीवनाला फळ नाही —" इथे त्यांची नजर नेमकी माझ्यावर पडली. कानापर्यंत लाल झाले बिचारे! "म्हणजे… आत्म्याचं फळ! आत्म्याचं!" म्हणत घटाघटा पाणी प्यायले. मला हसू आवरेना. त्यांना काय माहीत, आत्म्याचंच तर दुकान बंद आहे माझं.

घरी ताएगोनला सांगितलं. तो चर्चला येत नाही, पहाटे गाडीने सोडतो आणि गाडीतच घोरतो. पण शास्त्रातल्या हन्नाची, मूल नसलेल्या बाईची, गोष्ट त्याला मीच कधीतरी सांगितली होती, ती त्याने बरोबर लक्षात ठेवलीय. म्हणाला, "तिचा नवरा म्हणालाच ना, मी दहा पोरांच्या बरोबरीचा नाही का? मग मी काय कमी आहे?" म्हटलं, "दहा पोरांइतका खातोस, तेवढं खरं."

२७ एप्रिल, रविवार

कहर झाला!

उपासना झाल्यावर आम्ही बायका स्वयंपाकघरात ताटं विसळत होतो. मालसुन आजी स्टुलावर बसली आणि एकदम म्हणाली, "मला स्वप्न पडलं. पीचच्या झाडाखाली उभी होते. हे एवढं पीच! धप्पकन ओटीत पडलं."

सगळ्यांचे हात थांबले. ओटीत फळ, म्हणजे बाळाचंच स्वप्न. आणि ते आपल्यालाच पडायला हवं असं नाही, शेजारणीलाही पडतं, हे काय सांगायला हवं! मी आईच्या पोटात होते तेव्हा म्हणे खाटकाच्या बायकोला पडलं होतं, अस्वलाचं.

"आजी, आता या वयात?" कोणीतरी ओरडलं.

"सारा नव्वदीची होती, तरी झालंच ना तिला!" दुसरीने हाणलं. आजी म्हणाली, "तिला अब्राहाम होता. माझा मेला जाऊन वीस वर्षं झाली." हसून हसून बश्या फुटायची वेळ.

आणि मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एकदम!  पाळकीणबाईंचे तर डोळेच भरले, आणि तोंडावर हात धरून त्या बाहेर पळाल्या. पाळकसाहेब दारात आले, म्हणाले, "आपण ख्रिस्ती माणसं, स्वप्नंबिप्नं मानत नाही." आजीला नेमकं तेवढं ऐकू आलं! "स्वप्नांचे अर्थ लावणाऱ्या योसेफाला जाऊन सांगा," म्हणाली. 

२८ एप्रिल, सोमवार

वाळलेल्या समुद्रशेवाळाची तीन बिंडं आली. तीन घरांतून! बाळंतिणीच्या सुपासाठी! अजून कशात काही नाही आणि यांचं सूप तयार. सासूबाईंचाही फोन. त्यांच्यापर्यंत बातमी पोचायला एक रात्र लागली फक्त. "सूनबाई, पोतं उचलू नकोस. आणि बदकाचं मटण खाऊ नको, पोराची बोटं चिकटतात." पोर! हसत हसत हो म्हटलं. ताएगोन म्हणाला, "शेवाळ दुकानात विकायला ठेव. चांगल्या प्रतीचं आहे."

३० एप्रिल, बुधवार

शास्त्रातल्या वांझ बायका मोजत बसले होते. सारा, रिबका, राहेल, हन्ना, अलीशिबा. सगळ्या रडतात, आणि अध्याय पालटला की पाळणा हलतो! शेवटपर्यंत रिकामी राहिली ती एक मीखल, दावीदाची बायको. तिच्यावर वचन ऐकल्याचं मला आठवत नाही. तिला कोणी शेवाळ आणून दिलं असेल का? नंतर ती काय करत असे दिवसभर? एका ओळीत तिचं मूलबाळ नसणं सांगून टाकलं आणि पुढे गेले सगळे. मला तिच्याशी बोलायचंय.

दोन दिवस वर गेलेत. काही नाही, होतं कधी कधी.

३ मे, शनिवार

पाच दिवस! माझं घड्याळासारखं असतं. ताएगोनला बोलले नाही. पण पालक निवडताना गुणगुणत होते, तो म्हणाला, "काय गं, आज स्वारी खुशीत?" म्हटलं, उगाच.

मोठा टोप उचलायला आज त्यालाच हाक मारली. मूर्ख आहे मी. असू दे.

५ मे, सोमवार

बालदिन. पहाटे चारपासून किंबापचे, शेवाळात गुंडाळलेल्या भाताचे, डबे, चाळीस घरांच्या सहलीचे. गल्लीत फुगेच फुगे.

आली.

६ मे, मंगळवार

चर्चला गेले नाही. ताएगोनने काही विचारलं नाही, मोडाच्या कडधान्याचं सूप केलं, खारट. दोघांनी मिळून संपवलं. मग तो म्हणाला, "मला पण वाटलं होतं गं. टोप उचलायला हाक मारलीस तेव्हा." मग दोघंही रडलो, खूप. शेवटी त्याला उचकी लागली ती थांबेचना, आणि मला हसायला आलं.

७ मे, बुधवार

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पाळकीणबाई आल्या. दारातच उभ्या. आत याच म्हटलं तर हमसून हमसून रडायला लागल्या. मला वाटलं, साहेबांना काही झालं.

"सेविकाबाई, मला माफ करा. ते पीच… ते माझं आहे."

चव्वेचाळीस वय. घरात तीन मुलगे, धाकटा सातवीत. दहावा आठवडा चालू! त्या दिवशी स्वयंपाकघरात त्या उलटी करायला बाहेर पळाल्या होत्या, आणि आम्ही समजलो खारवणाचा वास सहन झाला नाही. "मी रोज पहाटे तुमच्यासाठी मागत होते हो," त्या म्हणाल्या, "चार वर्षं, एक दिवस चुकवला नाही. आणि आता कुठल्या तोंडाने…"

 हेवा वाटला, खोटं कशाला लिहू!  पण मग असं डोळ्यासमोर आलं की ही बाई रोज माझं नाव-पत्ता सांगतेय आणि वर कोणीतरी घाईत पार्सल शेजारच्या दारात टाकून निघून गेलंय! मी फसकन हसले. त्या घाबरल्या. मी त्यांना सांगितलं, तशा त्याही हसायला लागल्या, रडता रडता, नाक गळतंय, पदर नाही की रुमाल नाही. शेवटी कांद्याच्या फडक्याने पुसलं, आणि मग आणखीच रडारड!

जाताना शेवाळाची तिन्ही बिंडं त्यांच्या हातात दिली. त्या गेल्यावर शटर अर्धं ओढून मागे पोत्यावर बसून राहिले तासभर.

१० मे, शनिवार

उद्या. कागद कोरा.

११ मे, रविवार

सगळ्यांच्या छातीवर लाल कार्नेशन. मुलांनी आईबापांना लावलेली. एक उरलं होतं, ते एका चिमुरडीने माझ्याकडे आणलं आणि तिच्या आईने तिला मागे ओढलं. म्हटलं, "लाव गं, लाव. फूलच आहे ते." लावलं तिने, वाकडं.

मग माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले. सगळ्यांनी डोळे मिटले. हातात कागद होता, रात्री कुठूनतरी उतरवून काढलेला, 'हे दयाघन परमेश्वरा' वगैरे. मीही सवयीने डोळे मिटले. आणि मिटल्यावर कागद कसा दिसणार! छातीवर हात गेला, तोंड उघडलं, आणि माइकमधून खणखणीत आवाजात —

"प्रभो! तीस कोबी, प्रत्येकाचे दोन भाग!"

  पहिल्या बाकावर पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला.

"आमेन!" मागून मालसुन आजी गरजली.

एकजण फसकन हसला. मग सगळं चर्च! मला पळून जायचं होतं, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. म्हणून बोलले. काय बोलले ते आठवेल तसं लिहिते. "प्रभो, तीन वर्षं मी तुला किमचीच सांगतेय. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे. तू माझं पोर नेलंस आणि मला एकदा विचारलंसुद्धा नाहीस. इथल्या सगळ्या आईबापांना सुखी ठेव. ज्यांना कोणी आई म्हणत नाही त्यांनाही ठेव. मी तुझ्यावर रागावलेय. आज एवढंच आहे. आमेन."

खाली आले तेव्हा कोणी हसत नव्हतं. मागच्या दाराशी ताएगोन उभा होता, ॲप्रन घातलेला. कधी आला कोण जाणे!

१२ मे, सोमवार

पहाटे मालसुन आजीने माझा दंड धरला. "तुझी किमची मी करून बघितली. चांगली होते. पण मीठ किती ते तू कधी सांगत नाहीस."

"आजी! तुम्हाला ऐकू येतं?"

"मुलाने यंत्र बसवून दिलंय कानात. दोन वर्षं झाली." आणि तिने केस बाजूला करून दाखवलं!

दोन वर्षं! म्हटलं, कोणाला बोलला का नाहीत? तर म्हणाली, "त्या एली याजकाने प्रार्थना करणाऱ्या हन्नाला दारू प्यायलेली समजून केवढं झापलं. नंतर तोंडघशी पडला ना म्हातारा? आपण कशाला मध्ये पडा. बाई काहीतरी बोलतेय ना त्याच्याशी, बोलू दे." मग कानाशी येऊन म्हणाली, "मीठ सांग आता."

१५ मे, गुरुवार

ताएगोन आज गाडीत घोरला नाही. आत येऊन मागच्या बाकावर घोरला.

२० मे, मंगळवार

दुपारी पाळकीणबाईंना रक्त जायला लागलं. साहेब त्यांना घेऊन जोंजू शहरातल्या इस्पितळात गेले. मी दुकान उघडं टाकून चर्चमध्ये पळाले. कोणी नव्हतं. गुडघ्यावर बसले आणि देवाशी भांडले, चार तास, मोठमोठ्याने, घसा बसेपर्यंत. सात वाजता फोन आला. बाळाचे ठोके लागतात. दोघंही नीट आहेत.

घरी आले, भात लावला, जेवलो, भांडी घासली. आत्ता लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं — चार तासांत माझ्यासाठी मागायचं राहूनच गेलं.