खाडीच्या दोन्ही अंगांना

बाबा, चारकोपच्या नव्या घरातल्या मोरीत तुम्ही रविवारी कुर्ल्या साफ करत बसायचात आणि मी दारात उभी राहून कॉलेजात शिकलेलं तुम्हाला सांगायची. सत्त्याऐंशी साल असेल. एका रविवारी नवी प्रजाती कशी तयार होते, ते सांगत होते. समजा, या कुर्ल्या एकाच खाडीत राहतात. मध्येच जमीन वर येते, खाडीचे दोन तुकडे होतात, इकडच्यांची तिकडे ये-जा बंद. पाणी वेगळं, खाणं वेगळं. दोन्हीकडे बारीक बारीक बदल साचत जातात आणि हजारो पिढ्यांनी त्या पुन्हा भेटल्या, तरी त्यांना एकमेकांपासून पिल्लं होत नाहीत. एकीच्या दोन प्रजाती झालेल्या असतात.

तुम्ही नांगी मोडता मोडता हसता. "म्हणजे आपण हय इलव, गाववाले थय रवले, तर आता आपण येगळे?"

"एवढ्यात नाही हो बाबा! आणि आपण जातोच की दर मे महिन्यात."

"मग बरा. नायतर गणपतीक माका घरात कोण घेतलो?"

पुढे मी माझ्याच वर्गातल्या, मढच्या कोळीवाड्यातल्या मुलाशी लग्न करायचं म्हटलं, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. आई म्हणाली, "त्यांचे मासे चालतत, जावय चालत नाय?" तुम्ही गावी गेलात आणि देवाला कौल लावलात. पाषाणावर चिकटवलेल्या पाकळ्यांतली डावीकडची आधी पडली, म्हणजे नकार. परत येऊन तेवढंच सांगितलंत. मी म्हणाले, "मी देवाला विचारलं नव्हतं, तुम्हाला विचारलं होतं."

"गेलस तर आमची नाय," तुम्ही म्हणालात. मी गेले.

आज हे लिहायला बसले, कारण तुमच्यामागे गावचं घर भावाला स्वतःच्या नावावर करायचंय आणि त्याने मला हक्कसोडपत्र पाठवलंय. फोनवर म्हणाला, "ताई, सही कर ना गं. तू तशी कधीच वेगळी झालीस." तुमचाच आवाज वाटला, म्हणून उत्तर तुम्हाला देते. मी आयुष्यभर शाळेत हाच धडा शिकवला. एकटं कुणी उठून गेलं म्हणून प्रजाती वेगळी होत नाही. त्यासाठी ये-जा थांबावी लागते, तीही पिढ्यानपिढ्या. मी ती थांबवली नव्हती. दर गणपतीला लेकीला घेऊन तुमच्या दारात येत होते. दार आई उघडायची. तुम्ही आतल्या खोलीत पखवाजाला कणीक लावत बसायचात, लावून झाली तरी बसायचात. खाडीत जमीन वर आणलीत ती तुम्ही, बाबा, आणि तीही पुरली नाही. माझी लेक रागावली की तुमच्यासारखीच खालचा ओठ चावते.

सही मी करणार नाही. मी तुमचीच आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते कपाटात राहील. तेव्हा माझ्यामागे काय कुणाला द्यायचं, तेही इथेच लिहिते. गावच्या घरातला माझा हिस्सा लेकीला. आईच्या पाटल्या वहिनीला, आईचं शेवटचं सगळं तिने केलं. माझी प्राणिशास्त्राची पुस्तकं शाळेला. आणि तुमचा राखाडी स्वेटर, जो आईने मला गुपचूप दिला होता, तो कुणालाच नाही. भर मे महिन्यातही मी तो कधीकधी घालून बसते.