पहिल्याच पिकला लाइनबॅकर

रविवार, २६ ऑगस्ट २००७. वॉन.

आज दुपारी डॅनियलच्या बेसमेंटमध्ये मी पहिल्याच पिकला लाइनबॅकर घेतला, आणि तिथेच सगळं फिरलं. अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंमधून आम्ही मित्र दरवर्षी कागदावर टीम निवडतो; गेल्या वर्षी माझी तळाला राहिली, म्हणून यंदा पहिला खेळाडू निवडायचा मान माझा. सगळे फिदीफिदी हसले. डॅनियल म्हणाला, "अरे येड्या, क्वार्टरबॅक सोडून हा? कॉलेजपण असंच सोडलंस ना, डोक्यात राख घालून?" मी खुर्ची ढकलून उठलोच. पण जिन्यात बसलेल्या त्याच्या बहिणीने, रूथने, शांतपणे विचारलं, "तो तिसऱ्या फेरीतही मिळाला असता. थांबला का नाहीस?"

"आणि आधीच कोणी उचलला असता तर?"

"म्हणजे खरंच हवा होता तुला," म्हणाली, आणि वर पॅकिंगला गेली. उद्या सकाळच्या फ्लाइटने ती पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला शिकायला चाललीये.

तेव्हापासून एकच डोक्यात. लाइनबॅकर इतक्या लवकर घ्यावा का? समोरच्यांचा डाव ओळखून माणूस अडवणारा तो. पण असे पुष्कळ मिळतात म्हणे, चेंडू फेकून डाव चालवणारा चांगला क्वार्टरबॅक मात्र क्वचित. डॅनियलचं बरोबर असेलही. पण मला तोच आवडत असेल तर? थांबला का नाहीस, हे मला विचारते ही! दोन वर्षं तिला मनातलं काही न बोलता थांबलोय तो मीच ना? आणि तिकडे कोणी...

आई जेवायला हाका मारतेय. जेवण नंतर. रूथकडे जातो, आत्ताच. बूट घातलेत. निघालो, दार ओढून घेतो.