तळघरातलं शेवटचं पिंप

४ सप्टेंबर
चिमणी फाटकापर्यंत धावत आली आणि माझी ट्रंक तिनेच उचलली. धाकटी बहीण आता एवढ्या द्राक्षमळ्याची मालकीण झाली, पण हसणं तेच. बायको गेल्यापासून घरात भांडं पडलं तरी मी दचकायचो. चिमणीने फोनवर दटावलं होतं, दादा, भिंतींशी किती दिवस बोलशील, इकडे ये, हाताला काम आणि ताटात गरम घास मिळेल. खिडकीखाली वेलींच्या ओळी आहेत, छाटणी तोंडावर आलीय. मेहुणे व्हरांड्यात उन्हाला बसले होते. माझ्याकडे पाहून गोड हसले, ओळखलं मात्र नाही. आजारपण, असं चिमणी म्हणाली. देवाचे आभार मानून आडवा होतो.

६ सप्टेंबर
तळघरातलं काम सोपं आहे. लाकडी पिंपातली वाइन हळूहळू उडते, वर हवा साचली की उरलेली आंबट होते. म्हणून बूच काढून रोज काठोकाठ भरायचं. मी थेंबही घेत नाही हे कळल्यावर मळ्याचा मुकादम खूश झाला. म्हणाला, आधीचा गडी पिंपं कमी भरायचा, स्वतःलाच जास्त भरायचा!
शेवटच्या पिंपाची रीत वेगळी. त्यात ओतायचं काही नाही. भोकाशी तोंड नेऊन आपल्या जिव्हाळ्याचं काही सांगायचं. मेहुण्यांच्या घराण्यात हे चालत आलंय म्हणे. मला हसू आलं, पण झाडांशी मीही बोलतोच. बायकोबद्दल सांगितलं. डाव्या पायाने जरा लंगडायची. त्या पावलावरून मी तिला गर्दीतही ओळखायचो. सांगून वाकून पाहिलं, तर पिंप भरलेलं.

११ सप्टेंबर
गावची शाळा सांगितली, नदीकडची वाट सांगितली. आज आईने शिकवलेली प्रार्थना. सकाळी पिंप दोन बोटं खाली असतं, सांगितलं की वर येतं. मन इतकं हलकं होतं की दुपारी पाय पुन्हा तिकडेच वळतात.

१५ सप्टेंबर
हात जोडले आणि शब्दच आले नाहीत. लहानपणापासून न चुकलेली प्रार्थना, तिचा पहिला शब्दसुद्धा नाही. परक्याच्या दारात उभं राहावं तसा देवापुढे उभा राहिलो.

१७ सप्टेंबर
एक व्यापारी वाइन चाखायला आला होता. शेवटच्या पिंपातला घोट घेतला आणि रडू लागला. म्हणाला, का कोण जाणे, डाव्या पायाने लंगडत येणारी एक बाई दिसली, आणि वाटलं ही माझीच. 
कोण असेल ती बिचारी?
चिमणी माझ्याकडे पाहत नव्हती.

१९ सप्टेंबर
मुकादमाने बाजूला घेऊन सांगितलं, पाहुणे, मालकांना आजारबिजार काही नाही. ते त्या पिंपात गेले, थोडेथोडे. ते रिते झाल्यावर मालकीणबाईंचा नंबर होता. म्हणून तुम्हाला आणलं.
चिमणीला विचारलं. खोटं आहे म्हणाली असती, तर मी मानलं असतं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, मला लेकरं आहेत दादा, तुझं तिकडे कोण राहिलं होतं? आणि तुझ्याजवळ साठलेलं केवढं, तू लहानपणापासून सगळं जपून ठेवणारा.
म्हणजे फोनवरची ती माया — माझ्या एकटेपणासाठी नव्हतीच. आठवणींच्या साठ्यासाठी होती.

२१ सप्टेंबर
ट्रंक घेऊन फाटकाबाहेर पडलो. पुढे कुठे जायचं ते आठवेना. गावाचं नाव — रस्ता — काहीच नाही. उन्हात उभा राहिलो. शेवटी तिनेच हाताला धरून आत आणलं, पाय धुवायला गरम पाणी दिलं.

२३ सप्टेंबर
पिंपाकडे जायचं नाही ठरवलं होतं. पाय गेले. काय सांगितलं आठवत नाही —
देवा, तुला मी काय म्हणून हाक मारायचो?

२४ सप्टेंबर
आत एकच उरलंय. राग. कोणावर, का, ते अजून धरून आहे. तिला कळलंय. म्हणते, तोही सांगून टाक दादा, हलकं वाटेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी.
हलकं वाटेल, मला माहीत आहे. त्याचीच भीती —

२५ सप्टेंबर
नाही सांगणार. एवढं तरी माझं —
पिंप दोन बोटं खाली आहे. ती दारात उभी आहे, हात पुढे केलाय. चांगली बाई दिसते. नाही, चांगली नाही — लिहून ठेवतो, आत्ताच, म्हणजे जाणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने मला —