निर्जन ग्रहावरचे कडक कायदे

सोमवार, ४ जानेवारी १९८२
संकल्प: चाळीस ग्रह, प्रत्येकाचं एक माहितीपत्रक. आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायदा. पत्रकं झाली की दर मंगळवारी आमच्या तळघरात खेळ, कागद आणि फाशांवरचा, कल्पनेतल्या अवकाशप्रवासाचा. व्हर्लिन, लॉर्ना आणि दोघे ओल्सन बंधू यानातले प्रवासी होणार, मी त्यांना विश्व दाखवणार. विश्व माझं, त्यामुळे घाई चालणार नाही.

लॉर्नाचा फोन. लायब्ररीत नोकरी करते, पण धीर म्हणून नाही. म्हणाली, अरे बाबा ड्वेन, सप्टेंबरपासून आम्ही तुझ्या यानात नुसते बसून आहोत. या महिन्यात सुरू कर, नाहीतर आम्ही आमचं बघतो. १२ तारीख नक्की, असं सांगितलं. हे चौघे गेले तर या गावात माझ्याशी खेळणार कोण? पण विस्कॉन्सिनच्या जानेवारीत जातात कुठे.

शनिवार, ९ जानेवारी, दुपारी
तीन पत्रकं झाली. चौकटी तांबड्या शाईने की काळ्या, यात आठवडा गेला. काउंटीच्या रस्तेखात्यात अकरा वर्षं नकाशे काढतोय, वाकडी रेघ माझ्या हातून होणे नाही. १२ तारीख पुढे ढकलली. व्हर्लिन म्हणाला, अरे, एक ग्रह पुरे, आम्ही एका वेळी एकाच ठिकाणी उतरतो. दुधाचा टँकर चालवतो तो. जाऊ दे.

रविवार, १७ जानेवारी
आज फाशांनी अपमान केला. नियमपुस्तकाप्रमाणे रकान्यागणिक फासे टाकायचे आणि पडेल तो आकडा भरायचा. सातव्या ग्रहाला लोकसंख्या शून्य पडली आणि कायदा सर्वांत कडक. म्हणजे माणूस एक नाही आणि शिट्टी वाजवायलाही बंदी, असं आर्लिनला ऐकवलंही. असला खुळा ग्रह माझ्या विश्वात नको. दोन मिनिटांत झालेलं पत्रक, चुरगाळून टोपलीत टाकलं.

आर्लिनने ते उचललं. मागची बाजू कोरी आहे, सामानाची यादी होईल, म्हणाली. मग विचारते, तिथं कोणी राहतच नाही तर कायदे केले कोणी? मी म्हटलं, म्हणूनच तो कचऱ्यात गेला. बायकोला विश्वनिर्मितीतलं ओ की ठो कळत नाही, पण काटकसरी आहे.

मंगळवार, २६ जानेवारी
आर्लिन आजपासून दर मंगळवारी लॉर्नाकडे गोधडी शिवायला जाणार. उत्तम. घर शांत. जाताना लिंबाच्या वड्यांचा अख्खा ट्रे नेला, मला दोन ठेवल्या. अकराव्या ग्रहावरचे वारे ठरवले. नऊ प्रकारचे.

गुरुवार, ११ फेब्रुवारी
लॉर्नाचा फोन नाही, व्हर्लिनचाही नाही. पटली एकदाची माझी पद्धत. आपण ठाम राहिलं की लोक सुतासारखे सरळ होतात.

गोधडी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण आर्लिन मंगळवारी परतते ती हसतच. काल जेवताना विचारत होती, हवा विरळ असेल तर जिना चढताना दम लागेल ना? कुठला जिना, विचारलं तर म्हणाली, सहज. चर्चचा असेल.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी
सव्वीस ग्रह झाले. संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला गेलो. व्हर्लिन भेटला. शिट्टी वाजवता वाजवता मध्येच थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. आर्लिनला जोरात ठसका लागला. काटा अडकला असणार.

ग्रहांचं विचारलं त्याने. मी आकडा सांगितला. म्हणाला, सावकाश होऊ दे रे, आम्हाला काही घाई नाही. मला भरून आलं. असे मित्र मिळायला भाग्य लागतं.

मंगळवार, ९ मार्च
चाळीस पूर्ण. शेवटची रेघ सहा वाजता मारली. म्हटलं, लॉर्नाला आत्ताच दाखवू, गोधडी थांबेल पाच मिनिटं. फाइल काखेत मारून बर्फातून चालत गेलो.

स्वयंपाकघरात गोधडी नव्हती. टेबलाभोवती व्हर्लिन, लॉर्ना, दोघे ओल्सन. आणि मुख्य खुर्चीत, हातात फासे घेऊन, आर्लिन. तिच्यापुढे माझं सातवं पत्रक. इस्त्री केलेलं. मागच्या बाजूला अंडी, लोणी, कांदे, आणि त्याखाली तिच्या अक्षरात त्या ग्रहाचे कायदे. शिट्टीला बंदी. त्याच्याही वर, पहिलाच: वाट बघत बसण्यास सक्त मनाई.

आज त्यांचा सातवा मंगळवार होता.

कोणी ओशाळलंसुद्धा नाही. आर्लिन म्हणाली, सांगणारच होते, पण पत्रकं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, असं तूच बजावलं होतंस. धाकटा ओल्सन म्हणाला, जरा हळू बोला, आम्ही जिन्यावर आहोत, वरून कोणीतरी येतंय. आणि सगळे परत तिच्याकडे बघायला लागले. माझ्याकडे असे कधी बघत नव्हते. खरं लिहितो, फार वाईट वाटलं. मी चाळीस ग्रह केले आणि मंडळी राहायला गेली मी फेकलेल्यावर.

लॉर्नाने खुर्ची ओढून दिली. बस की रे, वडी घे. फाइलला डाग पडू नये म्हणून व्हर्लिनने ती उचलून फ्रिजवर ठेवली. मी बसलो. शेवटपर्यंत बसलो. तिने मागे आखलेल्या चौकटी वाकड्या आहेत, हे सांगायचं राहूनच गेलं.

फाइल फ्रिजवरच राहिली. घरी आर्लिनच्या गाडीतून आलो. वाटेत तिला विचारलं, तिथं कोणी राहतच नाही तर कायदे केले कोणी?

म्हणाली, मंगळवारी ये, कळेल.